गॅसवरची ब्रूइंग केटल नीट तापत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं २० ते २०० लिटरच्या, तळाखाली थेट गॅसचा जाळ असलेल्या केटलसाठी आहेत. मायक्रोब्रूअरीत नव्या पाककृती करून बघायला ठेवलेली छोटी केटल असो, की अमेरिका-इंग्लंडात घरामागच्या अंगणात बियर करणाऱ्या मराठी मंडळींचा स्टीलचा हंडा, दुखणी सारखीच असतात. महाराष्ट्रात बियर बनवायला परवाना लागतो, तो नसेल तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होतो. वाफेच्या जॅकेटवर चालणाऱ्या केटलचं तंत्र वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

केटल तापायला फार वेळ लागतो. शोध कुठून सुरू करायचा?

पान्हा हातात घेण्याआधी मोजा. केटलमध्ये ५० लिटर साधं पाणी घ्या, बर्नर नेहमीसारखा पूर्ण उघडा आणि झाकण ठेवा. पाणी ४० अंशांवरून ६० अंशांवर जायला किती मिनिटं लागली ते लिहा. प्रत्येक वेळी पाणी ढवळून मगच तापमान बघा, कारण वरचं पाणी आधी तापतं. सिलिंडर काट्यावर ठेवून आधीचं आणि नंतरचं वजनही टिपा. या चाचणीत गॅस जेमतेम पाव किलो जळतो, म्हणून १०-२० ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा हवा. तसा नसेल तर पाणी ८० अंशांपर्यंत न्या, म्हणजे फरक मोठा दिसेल.

आता हिशोब. लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले (१४.३ गुणिले मिनिटं). उत्तर येतं ती पाण्याला प्रत्यक्ष मिळालेली शक्ती, किलोवॅटमध्ये. ५० लिटर, २० अंश आणि १० मिनिटं धरली तर जवळपास ७ किलोवॅट. एक किलो एलपीजीत साधारण १२.८ किलोवॅट-तास उष्णता असते. त्याच १० मिनिटांत २०० ग्रॅम गॅस गेला असेल तर जळला २.५६ किलोवॅट-तास, पाण्यात उतरला १.१६. म्हणजे ४५ टक्के. उघड्या बर्नरवर ३५ ते ५० टक्के कार्यक्षमता ठीक समजावी.

पुढचा सगळा शोध या दोन आकड्यांवर चालतो. बर्नरवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा गॅसच कमी जळत असेल, तर दोष गॅसच्या बाजूला आहे: सिलिंडर, रेग्युलेटर, नळी किंवा जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड). गॅस पुरेसा जळतोय पण पाण्यात उतरत नाही, तर दोष आचेच्या बाजूला: हवेचं प्रमाण, तळापासूनचं अंतर, वारा, काजळी. या एका चाचणीने निम्मे भाग सुटे करण्याचा खटाटोप वाचतो. केटल नवी असतानाच ती करून आकडे भिंतीवर लिहून ठेवले तर फारच बरं. (परदेशी बर्नरवर क्षमता बीटीयूमध्ये दिलेली असते. ताशी ३,४१२ बीटीयू म्हणजे १ किलोवॅट.)

मुळात किती वेळ लागायला हवा?

१०० लिटर वर्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा) ६५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ४ किलोवॅट-तास लागतात. वर्टला ७ किलोवॅट मिळत असतील तर हिशोबाने ३५ मिनिटं, प्रत्यक्षात ४० ते ४५, कारण ८५-९० अंशांच्या पुढे उघड्या तोंडावाटे वाफेबरोबर बरीच उष्णता निघून जाते. त्यामुळे उकळी येईपर्यंत झाकण अर्धवट ठेवा. फेस चढायला लागला की मात्र लगेच काढा, नाहीतर वर्ट उतू जाऊन बर्नर भिजेल.

उकळी टिकवायलाही शक्ती लागते, हे बऱ्याचदा हिशोबातून सुटतं. तासाला ८ लिटर पाणी उडवायचं तर त्यालाच ५ किलोवॅट हवेत, वर भांड्याच्या भिंतींतून जाणारी उष्णता वेगळी.

सुरुवातीला ज्योत जोरात असते, अर्ध्या तासाने मंदावते. बर्नर बिघडला का?

बहुतेक वेळा बर्नर ठणठणीत असतो, सिलिंडर गारठलेला असतो. हात लावून बघा. गॅसची पातळी जिथे असेल तिथून खालचा भाग थंडगार लागेल, बाहेरून घाम फुटलेला असेल आणि कधी पांढरं हिमही धरलेलं असेल.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती तो स्वतःकडून आणि सिलिंडरच्या लोखंडाकडून घेतो. एक किलो एलपीजीच्या वाफेला साधारण ३६० किलोज्यूल लागतात. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये १० किलो गॅस उरलेला असताना तासात एक किलो ओढला आणि बाहेरून काहीच ऊब मिळाली नाही, तर आतलं तापमान १० अंशांनी उतरेल. चारच किलो उरले असतील तर जवळपास १९ अंशांनी. प्रत्यक्षात आजूबाजूची हवा थोडी ऊब देते, म्हणून घसरण एवढी होत नाही. पण सिलिंडर अर्ध्याखाली गेला की दुखणं का बळावतं, ते यावरून कळेल. गॅस कमी उरला की भिजलेली भिंतही कमी उरते आणि ऊब आत यायची वाटच अरुंद होते.

दुसरं कारण मिश्रणाचं. आपल्याकडचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. त्यामुळे वापरताना प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्यूटेन जास्त उरतो. थंडीत सिलिंडर ‘संपला’ म्हणून परत जातो आणि काट्यावर त्यात दोन-तीन किलो गॅस निघतो, त्यामागे हेच आहे.

उपाय सोपा आहे. एकाच्या जागी दोन किंवा तीन सिलिंडर एका मॅनिफोल्डवर (सगळ्यांचा गॅस एका नळीत आणणारी जोडणी) जोडून घ्या, म्हणजे प्रत्येकावरचा भार तितका कमी होतो. १०० लिटरच्या केटलला दोन सिलिंडर हवेतच. हे काम गॅस एजन्सीच्या किंवा परवानाधारक फिटरकडूनच करून घ्या. बियर करायच्या दिवशी भरलेला सिलिंडर लावा आणि अर्धा झालेला छोट्या कामाला ठेवा. सिलिंडर वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून थोडा उंच ठेवला तरी फरक पडतो. नळाच्या साध्या पाण्याच्या टबात उभा ठेवला तर पाणी त्याला ऊब देत राहतं.

गरम पाणी ओतणं, शेगडीजवळ सरकवणं, हीटर लावणं यातलं काहीही करू नका. सिलिंडर आडवा किंवा उलटा तर कधीच करू नका. नळीत द्रव गॅस उतरतो आणि बर्नरवर माणसाच्या उंचीचा भडका होतो.

ज्योत पहिल्यापासूनच बारीक आहे.

आधी रेग्युलेटर कोणता लावलाय ते बघा. घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाब देतो. मोठ्या केटलखालचे बरेच बर्नर हाय प्रेशरचे असतात, त्यांना अर्धा ते दोन बार दाब लागतो. हाय प्रेशर बर्नरवर घरगुती रेग्युलेटर लावला तर समईसारखी ज्योत मिळणार. उलटं केलं, म्हणजे लो प्रेशर बर्नरला हाय प्रेशर रेग्युलेटर लावला, तर ते धोक्याचं आहे.

अमेरिकेतल्या बार्बेक्यूच्या सिलिंडरवर आणखी एक गंमत होते. त्याच्या जोडणीत गळती झाली तर प्रवाह रोखणारी सोय असते. बर्नरचा कॉक उघडा असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की तिला नळी फुटल्यासारखं वाटतं आणि ती गॅस अडवून धरते. सगळं बंद करा, रेग्युलेटर सोडवा, मिनिटभर थांबा, पुन्हा जोडा. मग आधी सिलिंडर अगदी हळू उघडा आणि नंतर बर्नर.

हे दोन्ही नसेल तर नळी तपासा. केटलच्या पायाखाली दबलेली, दुमडलेली, उन्हाने कडक झालेली नळी गॅस अडवते. सुरक्षा होजची मुदत पाच वर्षांची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते.

पाइपच्या गॅसवर बर्नर हलवला असेल तर जेट बदललंय का ते विचारा. पुणे-मुंबईत घराघरात येणारा पीएनजी हा मुख्यतः मिथेन. घनमीटरमागे त्यात एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता असते, म्हणून त्याचं जेट मोठ्या भोकाचं असतं. एलपीजीचं जेट तसंच ठेवून पीएनजी लावला तर केटल तापता तापणार नाही. पीएनजीचं जेट असताना एलपीजी लावला तर पिवळा, धुरकट भडका होईल.

जेट तुंबलंय हे कसं ओळखायचं, आणि साफ कसं करायचं?

दाब बरोबर आहे, नळी ठीक आहे, तरी बर्नरचा घुमणारा आवाज नेहमीपेक्षा मवाळ येतो, ही पहिली खूण. अनेक जेटच्या बर्नरवर एखाद-दुसरीच ज्योत आखूड दिसते.

सिलिंडर बंद करून नळीतला गॅस जाळून टाका. बर्नर थंड झाला की जेट पान्ह्याने सोडवून उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने घासा, उलट्या दिशेने हवा मारा. सुई, टाचणी किंवा ड्रिल घालू नका. जेट पितळेचं, मऊ असतं. १ मिलिमीटरचं भोक १.२ झालं तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, गॅसही तेवढाच वाढतो, हवा मात्र पूर्वीइतकीच राहते.

जेटबरोबर मिश्रण नळीतही (जेटच्या पुढे गॅसमध्ये हवा मिसळते ती नळी) टॉर्च मारून बघा. बर्नर दोन-तीन महिने बंद राहिला की तिथे कोळी जाळं करतो. आपल्याकडे कुंभारमाशीला ही नळी फार आवडते. बोटाच्या पेराएवढं मातीचं घर आत घट्ट बसलेलं असतं आणि बाहेरून काही कळत नाही. गॅस येतो, पण हवा ओढली जात नाही.

ज्योत पिवळी आहे, केटलच्या बुडाला काजळी धरते.

गॅसला प्राथमिक हवा (जळण्याआधी त्यात मिसळणारी हवा) कमी पडतेय. बर्नरच्या मागची हवेची चकती सैल करा आणि ज्योत पेटती ठेवून हळूहळू उघडा. पिवळी टोकं जाऊन निळी ज्योत आणि आत स्पष्ट फिकट निळा कोन दिसला की थांबा आणि स्क्रू आवळा. चकती पूर्ण उघडूनही पिवळेपणा गेला नाही तर वर सांगितलेली मिश्रण नळी तपासा, मग जेटचं माप.

चकती बरोबर असूनही काजळी धरत असेल तर बर्नर बुडाच्या फार जवळ आहे. आतला निळा कोन थंड स्टीलला टेकला की गॅस अर्धवट जळतो, काजळी होते आणि कार्बन मोनॉक्साइडही. कोनाचं टोक आणि बूड यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत. फार दूर नेलं तर उष्णता बाजूने निसटते. ज्योत केटलच्या कडेवरून वर चढताना दिसते, कॉकचं सील आणि काचेची पातळीनळी भाजते, वर्ट तिथल्या तिथे. योग्य अंतर शोधायला स्टँडखाली विटा सरकवून दोन-तीन उंचींवर पाण्याची चाचणी करा.

ज्योत बर्नरपासून उचलली जाते, किंवा आत फटफट आवाज होतो.

उचलली जाते तेव्हा हवा किंवा दाब जास्त आहे. चकती थोडी बंद करा, मग रेग्युलेटर कमी करा. फटफट आवाज म्हणजे ज्योत मागे जाऊन जेटपाशी जळतेय: दाब फार कमी, किंवा बर्नरचं डोकं झिजलेलं किंवा तडकलेलं. लगेच बंद करा. तसंच चालू ठेवलं तर मिश्रण नळी लाल होते.

बर्नर पेटतो, पण नॉब सोडला की किंवा काही मिनिटांनी आपोआप विझतो.

नॉब सोडताच विझत असेल तर थर्मोकपल. पायलटच्या (बर्नर पेटवणाऱ्या छोट्या) ज्योतीत तापल्यावर तो २० ते ३० मिलिव्होल्ट देतो आणि त्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. टोकावर काजळी किंवा उतू गेलेल्या वर्टची साखर करपून बसली की व्होल्टेज पडतं. बारीक पॉलिश पेपरने टोक पुसा, ते ज्योतीत नीट बुडतंय ना ते बघा. व्हॉल्व्हकडचा नट हाताने आवळून वर पाव फेरा द्या, जास्त नको. नॉब तीस सेकंद दाबून ठेवूनही टिकत नसेल तर थर्मोकपल बदला, भाग स्वस्त आहे.

इलेक्ट्रॉनिक बर्नरमध्ये ज्योत ओळखायला एक इलेक्ट्रोड असतो. ज्योतीतून जाणारा काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह तो पकडतो आणि हा प्रवाह बर्नरच्या अर्थिंगमधून परत येतो. ब्रूअरीची फरशी सदा ओली. गंजलेला अर्थिंगचा स्क्रू, ओलावा धरलेली चिनीमाती किंवा वाकलेला इलेक्ट्रोड, यातलं काहीही असलं तरी कंट्रोलर ‘ज्योत नाही’ समजून गॅस तोडतो. कंट्रोलर बदलण्याआधी अर्थिंग घासून घट्ट करा. दहा-पंधरा मिनिटं चालून मग विझत असेल तर गॅसचा दाब चालू बर्नरवर मोजा, बंद बर्नरवर नाही. सिलिंडर गारठून दाब पडला की लो प्रेशर कट-आउट आपलं काम करतो. या सुरक्षा यंत्रणांना वायर टाकून बगल देऊ नका.

तापमान ९८ वर अडकतं, १०० होतच नाही.

पुण्यात १०० होणार नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर पाणी ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर, सुमारे १,३५० मीटरला, ते साडेपंच्याण्णवला उकळेल. वर्टमधल्या साखरेने त्यात पाव अंशाच्या आसपास भर पडते, एवढंच. उकळी आल्यावर आच कितीही वाढवली तरी आकडा हलत नाही, फक्त वाफ वाढते. कंट्रोलरवर १०० लावून ठेवलं असेल तर तो बर्नर कधीच बंद करणार नाही.

उकळी येते, पण रटरट उकळत नाही. एवढं चालेल का?

पिल्सनर माल्ट (फिकट रंगाचं माल्ट) असेल तर नाही. त्यातल्या एसएमएम नावाच्या द्रव्यापासून उकळताना डीएमएस तयार होतो, त्याला शिजलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास असतो. १०० अंशांना एसएमएम निम्मा व्हायला सुमारे ४० मिनिटं लागतात. तासाभराने ३५ टक्के उरतो, दीड तासाने २० टक्के. तयार झालेला डीएमएस वाफेबरोबर बाहेर जायला हवा, म्हणून उकळीभर झाकण उघडं आणि पृष्ठभाग सतत उलथत राहणारा हवा. डोळ्यांनी ठरवू नका. लाकडी पट्टीवर लिटरच्या खुणा करा आणि तासात किती पातळी उतरली ते बघा. छोट्या केटलला तासाला ६ ते १० टक्के बाष्पीभवन चांगलं. कमी भरलं तर आधी वारा अडवा. बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा करा, पण खालून हवा येऊ द्या आणि सिलिंडर आडोशाच्या बाहेरच ठेवा.

मग थेट मोठा बर्नर घेऊ का?

आधी पाण्याची चाचणी. कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या खाली असेल तर मोठा बर्नर फक्त अंगण तापवेल. दाब दुप्पट केला तरी गॅस दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो. बर्नर मोठा केला आणि सिलिंडर एकच ठेवला, तर तो आणखी लवकर गारठणार. बर्नरचा व्यास केटलच्या बुडाच्या निम्मा ते दोन-तृतीयांश असावा.

वर्ट तळाला लागतो, करपट वास येतो.

जाळ एका जागी एकवटला की बूड तिथेच तापतं. पातळ बुडाच्या केटलला एका जेटचा टोकदार बर्नर लावला की मधोमध नाण्याएवढा काळा डाग पडतो. तो दरवेळी तिथेच दिसेल. अनेक जेटचा, पसरट ज्योतीचा बर्नर घ्या.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट, साखर किंवा गूळ घालताना बर्नर पूर्ण बंद करा, विरघळेपर्यंत ढवळा, मगच पेटवा. काकवीसारखा घट्ट एक्स्ट्रॅक्ट सरळ बुडाशी जाऊन बसतो आणि मिनिटाभरात धरतो. गव्हाच्या बियरमध्ये आणि पीठ जास्त उतरलेल्या गढूळ वर्टमध्येही हा धोका आहे, तिथे उकळी येईपर्यंत आच मध्यम ठेवा आणि पळीने बूड खरवडत राहा.

लागलेला थर राहिला तर पुढच्या वेळी तिथेच पुन्हा लागतं. स्टीलच्या केटलला २ टक्के कॉस्टिक सोडा, ६०-७० अंशांवर अर्धा तास, हातमोजे आणि चष्मा घालून. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्याला कॉस्टिक अजिबात नको. तो धातू खातो आणि हायड्रोजन सुटतो.

मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं माल्ट) ६६ वर ठेवायचाय, पण ७० च्या पुढे निघून जातो.

बर्नर बंद केल्यावरही बूड आणि स्टँड उष्णता देत राहतात. लक्ष्याच्या एक-दीड अंश आधीच बंद करा. बुडाजवळ बसवलेल्या डायल थर्मामीटरवर विसंबू नका, त्याला खालून आचेची धग लागते. मॅशच्या मध्यात, ढवळून मोजा. थर्मामीटर महिन्यातून एकदा वितळत्या बर्फात शून्यावर आणि उकळत्या पाण्यात आपल्या गावच्या उत्कलनबिंदूवर तपासा. पंपाने वर्ट फिरवत असाल तर पंप अडला की बर्नर बंद झालाच पाहिजे. जाळीखालचा स्थिर वर्ट दोन मिनिटांत करपतो.

पेटवल्यावर केटलखालून थेंब पडतात, बर्नरवर चुर्र आवाज येतो. वेल्डिंग गळतंय का?

बहुतेक नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं आणि ती वाफ थंड बुडावर घाम होऊन जमते. आतलं पाणी ५५-६० अंशांच्या पुढे गेलं की थेंब थांबतात. त्यानंतरही थांबले नाहीत, किंवा थेंब चिकट, गोडसर आणि तपकिरी असतील, तर कॉकचं सील आणि वेल्डिंग बघा.

केटल आत, बंद खोलीत चालवता येईल का?

उघड्या बर्नरने नको. निळी ज्योतही खोलीतला प्राणवायू कमी होत गेला की कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते आणि त्याला वास नसतो. ब्रूअरीत धुराडं, बाहेरून हवेची वाट आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, तिन्ही हवेत. अंगणात करणाऱ्यांनी पाऊस आला म्हणून बर्नर गॅरेजमध्ये ओढू नये.

गॅसचा वास येतोय.

सिलिंडर बंद करा, जवळपासचा जाळ विझवा, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत, गटारात, तळघरात साठतो. पंखा लावून तो जात नाही, ठिणगी मात्र पडू शकते. भारतात आपत्कालीन क्रमांक १९०६. जागा मोकळी झाल्यावर साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला लावा: रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, कॉक, जेटचं बूड. बुडबुडे फुगले तिथे गळती. सांधा सोडून नवा वॉशर घाला, आवळा आणि फेस पुन्हा लावून बघा. बुडबुडे थांबेपर्यंत पेटवायचं नाही.